मँचेस्टर युनायटेडच्या घसरणीचे मूळ कशात आहे, आणि मुंबईतल्या चाहत्याने काय करावे?

शिवाजीपार्क यांचा प्रश्न

नमस्कार. प्रशिक्षक फर्ग्युसन यांच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात मी मँचेस्टर युनायटेडचे सामने पाहू लागले. २०१३ साली ते निवृत्त झाले तेव्हा संघ विसाव्यांदा इंग्लंडचा विजेता ठरला होता. त्यानंतर लीगचे विजेतेपद एकदाही आलेले नाही, आणि २०२४-२५चा हंगाम तर १५व्या क्रमांकावर, ३८पैकी १८ सामने गमावून, अवघ्या ४२ गुणांवर आटोपला. १९७४ साली संघाची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली होती. त्यानंतर इतका खालचा क्रमांक कधीही आला नव्हता.

पराभव सहन करायला खेळाचा चाहता शिकतोच. मला अस्वस्थ करते ते हे, की दर दोन-तीन वर्षांनी सगळा डाव मोडून पुन्हा पहिल्यापासून मांडला जातो. फर्ग्युसन यांच्यानंतरचे प्रशिक्षक मोयेस यांना पहिला हंगामही पुरा करू दिला नाही. व्हॅन गाल यांनी २०१६चा एफए कप जिंकला आणि दोनच दिवसांत त्यांना निरोप मिळाला. मोरिन्यो यांनी २०१७मध्ये लीग कप आणि युरोपा लीग (युरोपातील क्लबांची दुय्यम स्पर्धा) जिंकून दिली, पुढच्या हंगामात लीगमध्ये दुसरा क्रमांक मिळवला आणि २०१८च्या डिसेंबरात तेही गेले. सोलशार यांच्या काळात पुन्हा दुसरा क्रमांक आला, पण चषक आला नाही. टेन हाग यांनी दोन चषक आणले. २०२४च्या जुलैत त्यांचा करार वाढवला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांना काढले. एखाद्या माणसावर जुलैत असलेला विश्वास ऑक्टोबरात कसा संपतो, याचे उत्तर कोणी दिल्याचे मला आठवत नाही.

२०२४-२५च्या युरोपा लीगने तर आशा लावून फसवले. २०२५च्या एप्रिलमध्ये फ्रान्सच्या लियोंविरुद्ध दोन गोलांची आघाडी गमावून, जादा वेळेत २-४ असे मागे पडून, शेवटच्या काही मिनिटांत तीन गोल करून ५-४ असा जिंकलेला सामना ज्यांनी पाहिला त्यांना माझे म्हणणे कळेल. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे तीन वाजून गेले होते आणि दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडेची सुट्टी होती, म्हणून घरात कोणी काही बोलले नाही. पुढे मे महिन्यात बिल्बाओच्या अंतिम सामन्यात हा संघ टॉटनहॅमकडून ०-१ असा हरला. त्या हंगामात टॉटनहॅम लीगमध्ये आपल्याहूनही खाली, १७व्या क्रमांकावर होते. त्या नव्वद मिनिटांत एकही चाल अशी दिसली नाही की जिच्यावरून संघाने काही ठरवून सराव केला आहे असे वाटावे.

माझे दोन प्रश्न आहेत. या अपयशाचे मूळ नेमके कुठे आहे: प्रशिक्षक, खेळाडू की मालक? आणि ते मालकीत असेल, तर इथे बसलेल्या चाहत्याने क्लबासाठी पैसे खर्च करणे थांबवावे का? माझी अकरा वर्षांची भाची फुटबॉल खेळते आणि तिला नव्या हंगामाची अधिकृत जर्सी हवी आहे, त्यामुळे दुसरा प्रश्न माझ्यापुरता अगदी प्रत्यक्षातला आहे.

ठाणेपूर्व

माझ्या मते मूळ मालकीतच आहे, आणि त्याची तारीखही सांगता येते. २००५ साली ग्लेझर कुटुंबाने हा क्लब सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला, पण त्यातला मोठा भाग कर्जाऊ होता आणि त्या कर्जाचा बोजा क्लबावरच टाकण्यात आला. तोपर्यंत क्लब कर्जमुक्त होता. म्हणजे ज्याची खरेदी झाली त्यालाच स्वतःच्या खरेदीचे व्याज भरावे लागले, आणि ते व्याज तिकिटे, प्रक्षेपणाचे हक्क व जाहिराती यांच्या उत्पन्नातून गेले. इंग्लंडमधले पाठीराखे हे तेव्हापासूनच सांगत आहेत. काहींनी त्याच वर्षी बाहेर पडून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतंत्र क्लब काढला, २०१०मध्ये हजारोंनी न्यूटन हीथ या क्लबाच्या जुन्या नावाच्या काळातील हिरव्या-सोनेरी रंगांचे मफलर घालून निषेध केला, आणि २०२१च्या मे महिन्यात चाहते मैदानात घुसल्यामुळे लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला.

फर्ग्युसन असेपर्यंत या व्यवस्थेचे दुष्परिणाम झाकले गेले, कारण ते जिंकत होते. ते गेल्यावर सगळे उघडे पडले. २०२४च्या मे महिन्यात आर्सेनलच्या सामन्यानंतर ओल्ड ट्रॅफर्ड या घरच्या मैदानाच्या छपरातून पाण्याच्या धारा कोसळतानाची दृश्ये आपण सर्वांनी पाहिली. जगातल्या सर्वाधिक उत्पन्न असलेल्या क्लबांपैकी एकाच्या मैदानाची ही स्थिती असेल, तर वर्षानुवर्षे पैसा कुठे गेला हे विचारण्याचा चाहत्यांना अधिकार आहे. २०२४च्या फेब्रुवारीत ब्रिटिश उद्योगपती रॅटक्लिफ यांनी २७.७ टक्के हिस्सा घेतला आणि फुटबॉलचा कारभार त्यांच्याकडे आला, पण बहुमत अजून ग्लेझर कुटुंबाकडेच आहे. नव्या व्यवस्थापनाने काटकसर म्हणून शेकडो कर्मचाऱ्यांना कमी केले आणि भर हंगामात उरलेल्या तिकिटांचा किमान दर ६६ पौंड केला, तोही मुले व ज्येष्ठांना सवलत न देता. प्रशिक्षकांच्या चुकांची किंमत तिकीट काढणाऱ्याने भरावी, हा न्याय मला मान्य नाही.

जर्सीबद्दल सांगायचे तर भाचीला निराश करू नका. जर्सी बनवणाऱ्या आदिदासने दहा वर्षांसाठी किमान ९० कोटी पौंडांचा करार केलेला आहे, त्यामुळे दादरमध्ये एक जर्सी कमी खपल्याने मालकांचे काही अडणार नाही. प्रीमिअर लीगचे परदेशातील प्रक्षेपण हक्क लीग एकत्रितपणे विकते आणि तो पैसा बव्हंशी सर्व क्लबांत समान वाटला जातो. तुम्ही सामने पाहण्याची वर्गणी थांबवलीत तर ती एका क्लबाविरुद्धची कृती ठरणार नाही, इतकेच लक्षात असू द्या.

पार्ले_पश्चिम

वरील प्रतिसादातली माहिती योग्य आहे, परंतु निष्कर्ष मला पटत नाही. कर्जामुळे खेळाडू घेता आले नाहीत असे झाले असते, तर मालकांना दोष देऊन विषय संपला असता. प्रत्यक्षात गेल्या दशकात या क्लबाने युरोपातील मोजक्या क्लबांइतका खर्च केला आहे. २०१६मध्ये पोग्बासाठी ८.९ कोटी पौंड मोजले, तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. हाच खेळाडू २०१२मध्ये याच क्लबातून हस्तांतर शुल्काविना गेला होता, आणि २०२२मध्ये पुन्हा तसाच गेला. डी मारिया एका हंगामातच निघून गेला. सांचो आणि अँटनी यांच्यावर केलेला खर्च सर्वांना ठाऊक आहे. पैसा होता; तो कशासाठी खर्च करायचा हे ठरवणारे कोणी नव्हते.

मूळ मला इथे दिसते. २०२१च्या मार्चपर्यंत या क्लबात फुटबॉल संचालक हे पदच नव्हते. चेंडू ताब्यात ठेवणाऱ्या व्हॅन गाल यांच्यानंतर बचावाला प्राधान्य देणारे मोरिन्यो आले, आणि प्रत्येकाने आपल्या पद्धतीला साजेसे खेळाडू मागितले. ते येईतो मागणाराच गेला आणि पुढच्याला नको असलेला संघ वारशात मिळाला. टेन हाग यांच्यानंतर आमोरिम तीन बचावपटूंची रचना घेऊन आले, तेव्हा हा संघ चार बचावपटूंच्या रचनेसाठी जमवलेला होता. बाजूने धावत जाणारे, बचाव आणि आक्रमण दोन्ही सांभाळणारे खेळाडू त्यात जवळपास नव्हतेच. नव्या मालकांनी अॅशवर्थ यांना क्रीडा संचालक म्हणून आणले खरे, पण पाच महिन्यांत त्यांनाही जावे लागले.

मॅकटॉमिनेचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. लहानपणापासून याच क्लबात वाढलेला हा मधल्या फळीतला खेळाडू २०२४च्या ऑगस्टमध्ये नापोलीला विकला गेला. तिथे त्याला गोलच्या जवळ, त्याला जमते त्या जागी खेळवले. नापोलीने इटलीचे विजेतेपद मिळवले आणि त्या लीगचा हंगामातील सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. एका उन्हाळ्यात त्याची गुणवत्ता बदलली नव्हती, तिचा वापर बदलला होता. अँटनीनेही स्पेनच्या बेटिसमध्ये उसना जाऊन चांगला खेळ केला. असे एकदा घडले तर योगायोग म्हणता येईल. इथे ते वारंवार घडते, म्हणून मी खेळाडूंना दोष देत नाही.

आर्सेनलचे मालकही अमेरिकनच आहेत आणि तिथल्या चाहत्यांनीही त्यांच्याविरुद्ध निदर्शने केली होती. त्यांचे प्रशिक्षक अर्टेटा यांचे पहिले दोन्ही हंगाम आठव्या क्रमांकावर संपले. त्यांना ठेवले, जुने खेळाडू हलवले, तरुण घेतले, आणि २०२३ ते २०२५ असे सलग तीन हंगाम ते दुसरे आले. लिव्हरपूलला १९९०नंतरच्या विजेतेपदासाठी २०२०पर्यंत थांबावे लागले, तेही प्रशिक्षक क्लॉप आणि खेळाडूंची निवड करणारी मंडळी एकाच विचाराने काम करू लागल्यावर. तेव्हा माझे मत असे, की आमोरिम यांना किमान आणखी एक पूर्ण हंगाम आणि त्यांच्या रचनेला योग्य खेळाडू मिळायला हवे होते.

शिवाजीपार्क

दोघांचेही मनापासून आभार. मॅकटॉमिनेबद्दलचा मुद्दा मला फार लागला, कारण त्याला विकले तेव्हा बहुतेक चर्चा हिशेबात किती नफा दिसेल एवढ्यापुरतीच होती.

मात्र आर्सेनलशी केलेल्या तुलनेत मला एक अडचण दिसते. अर्टेटांना वेळ दिला गेला, कारण त्यांना का आणले हे तिथल्या लोकांना माहीत होते. आपल्याकडे कारण न ठरवताच नेमणूक होते, आणि मग धीर धरा असे चाहत्यांना सांगितले जाते. धीर कशासाठी धरायचा हे क्लबाने एकदा स्पष्ट शब्दांत सांगितले, तर सलग दोन हंगाम दहावा क्रमांक आला तरी मी पाहत राहीन.

कूपरेज

मी वयाने आपल्या सर्वांहून मोठा असावा. माझे फुटबॉल रोव्हर्स कपच्या सामन्यांनी सुरू झाले. १८९१मध्ये मुंबईत सुरू झालेली ती स्पर्धा आज होत नाही, पण एके काळी कोलकात्याचे बलाढ्य संघ तिच्यासाठी इथे येत आणि कूपरेजच्या आसपास संध्याकाळी चालायला जागा नसे.

आपल्या शहरातला महिंद्रा युनायटेड २००५-०६मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला आणि मोहन बागान, ईस्ट बंगालसारख्या संघांना मागे टाकून विजेतेपद मुंबईत आले. त्यानंतर चार वर्षांनी, २०१०मध्ये, तो संघ बंद झाला. विजेता ठरलेला संघ गुणतालिकेत १५वा न होता एकदम नाहीसा होतो, तेव्हा पाठीराख्याकडे चिडण्यासाठीसुद्धा कोणी उरत नाही. तुमचा क्लब १८७८पासून आहे, १९७४मध्ये खाली गेला आणि पुढच्याच वर्षी परत आला. १९६७नंतर त्याला लीग जिंकायला २६ वर्षे लागली, आणि त्या काळातही स्टेडियम भरत होते. तुमची तक्रार खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण तक्रार करायला क्लब आहे, ही गोष्ट आम्हा जुन्या मुंबईकरांना फार मोठी वाटते.

भाचीला घेऊन अंधेरीच्या फुटबॉल अरेनात जा. मुंबई सिटीने २०२०-२१ आणि २०२२-२३मध्ये इंडियन सुपर लीगची लीग शिल्ड जिंकली आहे. मुलांनी खेळ डोळ्यांसमोर, मैदानाच्या आवाजासकट पाहावा.

शिवाजीपार्क

काका, तुमचा प्रतिसाद वाचून महिंद्राच्या लाल जर्सीची आठवण झाली. मुंबई सिटीबाबत मात्र माझे मन होत नाही. २०१९पासून २०२५पर्यंत तो संघ सिटी फुटबॉल ग्रुपकडे, म्हणजे आपल्या कट्टर प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटीच्याच मालकांकडे होता, आणि तो आकाशी निळा रंग अंगावर चढवणे युनायटेडच्या चाहत्याला खरोखर जड जाते.

बांद्रा_रेक्लमेशन

मग मालकांचा प्रश्नच नसलेले फुटबॉल पाहा. आमच्याकडे नेव्हिल डिसोझा यांच्या नावाच्या मैदानावर मुंबईच्या फुटबॉल संघटनेचे सामने होतात. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा हा खेळाडू मुंबईत खेळत असे, हे भाचीला जरूर सांगा.

आणखी एक सुचवते, कारण मीही मुलगी म्हणून हा खेळ खेळले आहे. तिला युनायटेडचा महिला संघ दाखवा. २०१८मध्ये तो नव्याने उभा राहिला, २०२४मध्ये त्याने एफए कप जिंकला आणि २०२४-२५च्या हंगामात लीगमध्ये तिसरा क्रमांक मिळवला. त्याच वर्षी पुरुष संघाच्या सोयीसाठी या खेळाडूंना सराव केंद्रातील स्वतःची इमारत सोडून तात्पुरत्या खोल्यांत जावे लागले होते. क्लबाच्या कारभाराबद्दल पुरुष संघाच्या १५व्या क्रमांकावरून जेवढे कळते, तेवढेच यावरूनही कळते. आणि तरीही या मुलींनी कामगिरी करून दाखवली.

शिवाजीपार्क

हे माझ्या लक्षातच आले नव्हते. जर्सी घेते, आणि पाठीवर नाव महिला संघातील खेळाडूचे घालायचे का हे तिलाच विचारते. बांद्र्याच्या मैदानावरील सामन्यांचे वेळापत्रक कुठे लावले जाते, की तिथे जाऊनच चौकशी करावी लागते?

बांद्रा_रेक्लमेशन

संघटना वेळापत्रक जाहीर करते, पण पावसामुळे ते बदलते. निघण्यापूर्वी खात्री करून घ्या, आणि भाचीचे बूट सोबत असू द्या.