गोदाकाठाने सायकलवर संथ फेरफटका : मार्ग कसा आखावा?

प्रश्न : इंदिरानगरची सायकलस्वार

नमस्कार. मी नाशिकच्या इंदिरानगरला राहते, वय 53. दिवाळीनंतर मी आणि माझी धाकटी जाऊ, अशा दोघींनी सायकली घेतल्या. आम्हाला शर्यतीत उतरायचे नाही आणि शंभर किलोमीटरचा पल्लाही गाठायचा नाही. रविवारी सकाळी तीन-साडेतीन तास मोकळे असतात. तेवढ्या वेळात नदीच्या कडेने, झाडांच्या सावलीतून, वाटेत दोन-तीन ठिकाणी निवांत बसत फिरून यावे, एवढीच इच्छा आहे. सोबत जावेची 12 वर्षांची मुलगी असते.

लहानपणी आम्ही ‘गंगेवर जाऊन येतो’ (इथे गोदावरीला गंगाच म्हणतात) असे घरी सांगून रविवार कारंजावरून घाटापर्यंत पायी जात असू, त्यामुळे नदी म्हटली की काठाकाठाने जाणारी सलग वाट, असेच चित्र मनात होते. सायकल घेऊन गेल्यावर मात्र कुठे वाट लॉन्सच्या भिंतीपाशी संपते, कुठे पायऱ्या लागतात, तर कुठे घाटाचे खोदकाम चालू असते. मागे एकदा असेच वाट शोधता शोधता आम्ही गंगापूर रोडच्या ऐन गर्दीत सापडलो आणि मुलगी इतकी घाबरली की पुढचे दोन रविवार ती आलीच नाही. महामार्ग टाळून, बागा आणि नदी दोन्ही साधता येतील असा 20-25 किलोमीटरचा मार्ग कोणी सांगू शकेल का?

आणखी एक. दहा किलोमीटर झाले की माझे गुडघे पुढच्या बाजूने दुखू लागतात. हा वयाचा परिणाम समजावा का?

उत्तर : आनंदवल्लीकर

ताई, सलग काठ मिळत नाही हे आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि माझ्या मते मार्ग आखताना सुरुवात तिथूनच करावी. नाशिकमध्ये नदीला धरून राहण्याचा हट्ट केला तर पदोपदी अडायला होते; नदी सोडायची, गल्लीतून किंवा मळ्यातून अर्धा किलोमीटर जायचे आणि पुन्हा नदीला येऊन मिळायचे, असे मानले की हीच फेरी सुखाची होते. मी गेली नऊ वर्षे याच पद्धतीने फिरतो आहे. मार्ग आखताना मी किलोमीटर मोजत नाही, तर कुठे कुठे बसायचे ती ठिकाणे आधी ठरवतो.

इंदिरानगरहून निघताना महामार्गाखालचा बोगदा सकाळी साडेसहाच्या आत पार करावा. त्या वेळी तो बहुधा मोकळा असतो. आठनंतर तिथे मुलीला घेऊन थांबणे मलाही आवडणार नाही. पुढे मुंबई नाका टाळून गोल्फ क्लब मैदानाच्या बाजूने, तिथून कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकच्या शेजारच्या रस्त्याने यावे. ट्रॅक चालणाऱ्यांसाठी आहे, त्यावर सायकल नेऊ नये. पण बाजूच्या रस्त्यावर झाडी दाट आहे आणि पहिली विश्रांती तिथेच घेता येते. त्यानंतर मुख्य रस्त्याने न जाता कॉलनीच्या आतल्या रस्त्यांनी आनंदवल्लीकडे सरकत राहावे. गंगापूर रोड ओलांडावा लागतो, पण त्यावरून लांबवर जावे लागत नाही. तुमची चूक झाली असेल तर बहुधा इथेच.

आनंदवल्लीला नवश्या गणपतीपाशी पायऱ्यांवर बसले की नदी अगदी समोर असते. राघोबादादा आणि आनंदीबाई यांच्या वास्तव्याने ओळखले जाणारे हे गाव आता शहरात पूर्ण मिसळले आहे, तरी मंदिरामागच्या काठावर सकाळी अजून शांतता टिकून आहे. खंड्या आणि पाणकावळे तिथे हमखास दिसतात. मुलीला दुर्बीण दिली तर ती स्वतःच उठायला तयार होणार नाही. पुढे सोमेश्वर फार लांब नाही. मंदिराच्या आवारात जुनी झाडे आहेत आणि थोडे वर गेले की धबधब्याचा खडकाळ भाग लागतो. पहिल्या काही फेऱ्यांसाठी इथून परतावे. जाऊन-येऊन तुमचे साधारण 20 किलोमीटर होतील.

आधी वरच्या अंगाला जावे, असे मी सुचवतो त्यामागे एक साधे कारण आहे. गोदावरी आपल्याकडे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, म्हणजे गंगापूर धरणाच्या दिशेने जाताना रस्ता हळूहळू चढत असतो. डोळ्यांना तो चढ जाणवत नाही, पायांना जाणवतो. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंत वाराही मुख्यतः पश्चिमेचा, म्हणजे समोरून येणारा. ताजे असताना हे दोन्ही सोसावे आणि थकल्यावर उतार व पाठीवरचा वारा घेऊन घरी यावे. उलट बाजूने तपोवनाकडे आधी गेलात, तर परतीला चढ आणि वारा दोन्ही एकदम अंगावर येतात.

तपोवनाची फेरी स्वतंत्र दिवशी करावी. कपिला-गोदावरी संगम, तिथली जुनी झाडी आणि पुढे आगर टाकळीला समर्थ रामदासांचा मठ व नंदिनी-गोदावरीचा संगम हा सगळा भाग इंदिरानगरहून खरे तर जवळच आहे. मात्र द्वारका चौक आणि कन्नमवार पुलाच्या आसपास महामार्गाची वाहतूक सांभाळावी लागते, त्यामुळे मुलीचा हात चांगला बसल्यावरच तिला तिकडे न्यावे.

उत्तर : जुनी चेन

गुडघ्यांबद्दल लिहितो. माझे सायकल दुरुस्तीचे छोटे दुकान आहे आणि पन्नाशीच्या पुढचे जे गिऱ्हाईक ‘वयामुळे गुडघे दुखतात’ असे सांगत येते, त्याच्या सायकलची सीट बहुतेक वेळा फार खाली असते. बसल्याबसल्या दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकावेत म्हणून नवशिके सीट खाली ठेवतात. त्याने धीर येतो हे खरे, पण प्रत्येक पायडलला गुडघा गरजेपेक्षा जास्त वाकतो आणि वाटीच्या मागे दाब पडतो. पुढच्या बाजूने दुखणे हे बऱ्याचदा त्याचेच लक्षण असते.

तपासण्याची रीत सोपी आहे. भिंतीला धरून सीटवर बसावे, पायडल सर्वांत खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. या स्थितीत पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना पायाचा चवडा पायडलवर आला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. सीट एकदम वर न नेता दर फेरीला बोटभर उचलावी आणि थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकवण्याची सवय लावावी. गिअर असतील तर जड गिअरवर रेटू नका. पाय मिनिटाला 70-80 फेरे सहज मारतील इतका हलका गिअर ठेवा आणि चढ सुरू होण्याआधीच तो बदला. एवढे करूनही दुखणे थांबले नाही किंवा सूज दिसली, तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

दुसरी काळजी काट्यांची. नदीकाठी बाभळी पुष्कळ आहेत आणि मातीच्या वाटेवर त्यांचे काटे पडलेले असतात. एक जादा ट्यूब, टायर काढायचे लिव्हर आणि छोटा पंप सोबत असू द्या. ट्यूब बदलताना टायरच्या आतून जपून बोट फिरवा, कारण काटा टायरमध्येच रुतून राहिलेला असतो आणि तो काढला नाही तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते. हे न केल्यामुळे माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना सोमेश्वरहून सायकल हाताने ढकलत आणावी लागली होती. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेले असते. मातीच्या वाटेसाठी त्यातल्या कमाल आकड्यापेक्षा थोडी कमी ठेवा, म्हणजे हादरे कमी बसतात.

उत्तर : पंचवटीतला पाटकरी

आनंदवल्लीकरांचा मार्ग मला मान्य आहे, फक्त एक पुरवणी जोडतो. त्यांनी सांगितलेली वाट हिवाळ्याची आहे. जूननंतर, धरणातून विसर्ग सुरू असताना, सोमेश्वरच्या खडकांवर किंवा घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर मुलीला घेऊन जाऊ नका. वरून सोडलेले पाणी शहरात आकाश निरभ्र असतानाही वाढू शकते. 2008, 2016 आणि 2019 चे पूर मी पंचवटीतून पाहिले आहेत. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले यावरून आम्ही अजूनही पुराची उंची सांगतो. गोदापार्कचा जो काठ रामवाडीपासून वर जातो, त्याच्या फरशा याच पुरांनी जागोजागी उखडल्या आहेत आणि ओल्या फरशीवर सायकल फार पटकन घसरते.

पावसाळ्यात मी काठ सोडून मखमलाबादच्या अंगाला, कालव्याच्या पाटालगतच्या रस्त्यांनी फिरतो. तिथे नदी दिसत नाही, पण मळे, द्राक्षबागा आणि मोकळी हवा आहे. शिवाय 2027 च्या सिंहस्थाची कामे चालू आहेत तोवर रामकुंड परिसर सायकलसाठी सोडूनच द्यावा. एरवीही तिथे भाविकांची गर्दी असते. जायचेच तर उतरून, सायकल हातात धरून चालावे.

इंदिरानगरची सायकलस्वार

तिघांचेही मनापासून आभार. आज सीट तपासली. टाच ठेवल्यावर गुडघा चांगलाच वाकलेला राहत होता. बोटभर वर केली आहे. येत्या रविवारी कृषीनगर, नवश्या गणपती आणि सोमेश्वर या तीन थांब्यांची फेरी करणार आहोत. मुलीला पक्ष्यांचे सांगितले आणि तिने लगेच होकार दिला. तिने विचारले आहे की नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याला सायकलने जाता येईल का?

आनंदवल्लीकर

येईल, पण नाशिकहून थेट नको. ते अंतर तिच्यासाठी जास्त आहे आणि निम्मा रस्ता वाहतुकीचा आहे. सायकली गाडीवर लादून निफाडपर्यंत न्याव्यात आणि तिथून खानगाव थडीपर्यंतचे दहा-बारा किलोमीटर शेतांमधून चालवत जावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे हे पाणथळ राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. डिसेंबर-जानेवारीत स्थलांतरित पक्षी भरपूर असतात, मात्र निफाडची थंडी नाशिकपेक्षा कडक असते, तेव्हा तिघींनीही हातमोजे आणि कानटोपी न विसरता घ्यावी. अभयारण्याच्या प्रवेशद्वारापाशी सायकली कुठे लावायच्या ते तिथल्या वनरक्षकांना विचारावे आणि मनोऱ्यांकडे पायीच जावे. सोमेश्वरची फेरी चार-पाच वेळा न थकता झाली की कळवा, मी निफाडहून आत जाणाऱ्या वळणांचा तपशील लिहून देतो.