आवळण्याचे इंग्रजी शब्द पाठ करावेत की समजून घ्यावेत?

दापोलीकर: काल येथे एका शिकवणीचालकांनी लिहिले की, आवळणे, आकसणे, पिळणे यांचे इंग्रजी शब्द मराठी अर्थासह घोकून घ्यावेत, कारण कोकणातल्या मुलांना व्युत्पत्तीची चैन परवडत नाही. हे वाचून संताप आला, म्हणून सविस्तर लिहितो. लॅटिनमधील 'स्ट्रिंगेरे' म्हणजे आवळणे, एवढे एकदा सांगितले की स्ट्रिक्ट, रिस्ट्रिक्ट, कन्स्ट्रिक्ट, स्ट्रिंजंट हे सारे एका कुळातले आहेत हे मुलांच्या ध्यानात राहते. अ‍ॅस्ट्रिंजंट हा तुरट या अर्थाचा शब्दही त्याच कुळातला. काजूचे बोंड खाऊन जीभ आणि घसा आकसण्याचा अनुभव ज्या मुलांना दर उन्हाळ्यात येतो, त्यांना हा शब्द केवळ यादीतली एक नोंद म्हणून देणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

वेंगुर्ल्याची शिक्षिका: आपण एकदा वर्गावर उभे राहून पाहावे. मूळ सांगितले की मुले 'स्ट्र' दिसेल तेथे आवळू लागतात. स्ट्रीटचे मूळ पसरण्या-अंथरण्याचे आहे आणि कन्स्ट्रक्टचे रचण्याचे. सामुद्रधुनीचा स्ट्रेट आवळण्याच्या कुळातला, तर त्याच उच्चाराचा सरळ या अर्थाचा स्ट्रेट ताणण्याच्या जुन्या इंग्रजी क्रियापदातून आलेला. होर्मुझच्या सामुद्रधुनीबद्दल लिहिताना निम्मा वर्ग तेथेच स्पेलिंग चुकतो. घोकंपट्टीची बाजू मी घेत नाही, कारण मराठीत आपण लिंबूही पिळतो आणि ओला पंचाही पिळतो, पण इंग्रजीत लिंबू स्क्वीझ करतात आणि पंचा पीळ देऊन रिंग (wring) करतात. यादीत दोहोंसमोर 'पिळणे' लिहिलेले असते, मग मुलाने निवड कशी करायची? त्याला वापर शिकवावा लागतो, आणि तेथे आपले लॅटिन कामाला येत नाही.

राजापूरकर: आपण दोघे परीक्षेचे बोलत आहात, मी दवाखान्याचे सांगतो. वडिलांना शहरातील एका रुग्णालयात नेले, तेव्हा कागदावर 'एऑर्टिक स्टेनोसिस' असे लिहिले होते. काहीतरी जंतूंची बाधा झाली असावी असे समजून आम्ही गोळ्यांनी बरे वाटण्याची वाट पाहत राहिलो. हृदयाची झडप अरुंद झाली आहे, हे पाच शब्द कोणीही उच्चारले नाहीत. स्टेनोसिस, स्ट्रिक्चर, कन्स्ट्रिक्शन ही सगळी अरुंद होण्याचीच नावे असतील, तर रुग्णाच्या माणसांना ती मराठीत सांगण्याची सक्ती का नसावी?

हर्णै बंदर: कृपया धागा भरकटवू नये. डॉक्टरांनी काय बोलावे हा वेगळा विषय आहे.

राजापूरकर: वेगळा कसा? ज्याच्या घरात ऑपरेशनच्या संमतीपत्रावर न कळता सही झाली आहे, त्याला हा विषय वेगळा वाटत नाही.

दापोलीकर: राजापूरकरांचे दुःख मी मानतो, पण त्यातून माझेच म्हणणे सिद्ध होते. स्टेनोसिसमधला ग्रीक 'स्टेनोस' म्हणजे अरुंद; आखडत्या लिपीत लिहिणाऱ्या स्टेनोग्राफरच्या नावातही तोच आहे. अंजायनाचेही तसेच. इंग्रज डॉक्टर विल्यम हेबर्डन यांनी 1772 साली छापलेल्या वर्णनात छातीच्या या दुखण्यास ते नाव देताना गळा आवळल्यासारखी भावनाच नोंदवली आहे. अँग्झायटी, अँग्विश आणि ऋग्वेदातील 'अंहस्' (संकट) हेही कोंडण्या-आवळण्याच्या त्याच प्राचीन धातूकडे जातात. एवढे शाळेत शिकवले असते, तर तो कागद पाहून निदान प्रश्न तरी विचारता आला असता.

राजापूरकर: आजारी बापाच्या उशाशी बसलेल्या मुलाने ग्रीक आठवायचे, आणि पगार घेणाऱ्याने मराठी बोलायचे नाही? आपले हे बोलणे मला लागले.

वेंगुर्ल्याची शिक्षिका: राजापूरकरांचा राग योग्य आहे. दापोलीकरांचे एवढेच मान्य करते, तेही नाइलाजाने, की वैद्यकीय शब्दांपुरती मुळे उपयोगी पडतात, कारण तेथे नवा शब्द जुन्या तुकड्यांतूनच घडवला जातो. नववीच्या वर्गात मात्र मी आधी वाक्ये लिहून घेईन, आणि 'स्ट्र'च्या कुळाबरोबर स्ट्रीट आणि कन्स्ट्रक्ट हे परके पाहुणेही त्याच दिवशी फळ्यावर मांडीन.