तक्रार आली की आधी समिती की आधी पोलीस?

चाफा:
चर्चेसाठी एक कलम देते. बालसंरक्षण धोरणाच्या मसुद्यात असं लिहिलंय समजा: "लैंगिक गैरवर्तनाची तक्रार आल्यास तीन जणांची अंतर्गत समिती ७२ तासांत चौकशी करील व तथ्य आढळल्यास पोलिसांना कळवील." गोव्यात, बार्देशातल्या एखाद्या आंतरराष्ट्रीय शाळेत हे कुणालाही समंजसपणाचं वाटेल. माझ्या मते ते कायद्याविरुद्ध आहे आणि मुलासाठी घातक आहे. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, त्याच्या कलम १९ मध्ये "कोणतीही व्यक्ती" आहे. म्हणजे परदेशी मुख्याध्यापक, कंत्राटी पोहण्याचा प्रशिक्षक, बसमधली मावशी, सगळे. गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी धास्ती वाटली, की विशेष बाल पोलीस पथकाला किंवा जवळच्या ठाण्याला कळवायचं. तथ्य शोधायची पायरी मध्ये नाहीच. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड.

पर्वरीकर:
कायदा मान्य. पण शाळेत येणाऱ्या दहा गोष्टींतल्या किती गुन्हे असतात? शिक्षकाने विद्यार्थ्याला रात्री खासगी मेसेज केला, शिकवणीनंतर एकट्याला गाडीतून सोडलं, लहान मुलाला मांडीवर घेतलं. वेगवेगळ्या देशांतली माणसं, स्पर्शाच्या रीती वेगळ्या. सगळं ठाण्यावर न्यायचं ठरलं, तर शिक्षक एकमेकांबद्दल बोलायचेच बंद होतील. शिवाय परदेशी शिक्षकाचा व्हिसा नोकरीवर असतो. नुसत्या संशयावर गुन्हा नोंदला, की पुढे निर्दोष सुटला तरी त्याचं इथलं आयुष्य संपलं. गाळणी हवीच.

चाफा:
गाळणी हवी, पण तुम्ही सांगितलेल्या गोष्टींसाठी. खासगी मेसेज आणि गाडीतली सोबत हा आचारसंहितेचा भंग. त्याची नोंदवही सेफगार्डिंग लीडकडे, म्हणजे शाळेत मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याच्याकडे, असावी: तारीख, वेळ, कोणी पाहिलं, काय पाहिलं, काय केलं. एकेक नोंद किरकोळ दिसते. तेच नाव पुन्हा आलं की चित्र दिसू लागतं. म्हणून ही वही वर्षअखेरीस बंद करायची नाही आणि लीड बदलला तरी पुढच्याच्या हाती द्यायची. पण मूल स्वतः लैंगिक कृत्याबद्दल काही बोललं, तर तिथे गाळणी नाही.

वकीलबाई:
समितीने नेमकं काय बिघडतं ते सांगते. मूल आधी वर्गशिक्षिकेला सांगतं, मग समुपदेशकाला, मग समितीपुढे तीन अनोळखी माणसांना. प्रत्येक वेळी शब्द थोडे बदलतात. पुढे पणजीच्या बाल न्यायालयात उलटतपासणी याच फरकांवर होते. त्यात "सरांनी इथे हात लावला का?" असं विचारलं, तर उत्तर मुलाच्या तोंडी घातलं असा आक्षेप येतो आणि तो टिकतो.

दुसरं, पुरावा. वैद्यकीय नमुने मिळण्याची शक्यता साधारण ७२ ते ९६ तासच चांगली असते. म्हणजे तो सगळा वेळ समितीच्या ७२ तासांतच खर्च होतो. कपडे धुवायचे नाहीत. कागदी पिशवीत ठेवायचे. प्लॅस्टिकमध्ये ओल राहते आणि बुरशीने नमुना खराब होतो. सीसीटीव्हीच्या बऱ्याच यंत्रांवर १५ ते ३० दिवसांत जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, तेव्हा ते त्याच दिवशी वेगळं काढायचं. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला समितीपुढे बोलावलं, की मोबाइल साफ करायला त्याला वेळ मिळतो.

पहिल्या तासात ऐकणाऱ्याने करायचं एवढंच: शांतपणे ऐकायचं, गुप्ततेचं वचन द्यायचं नाही, गरज पडलीच तर "आणखी काय झालं?" एवढंच विचारायचं. मुलाचेच शब्द, ते ज्या भाषेत बोललं त्याच भाषेत लिहायचे. सही, वेळ, आणि लीडला फोन.

"कळवलं आणि खोटं निघालं तर?" ही भीती मोठी असते. सद्भावनेने कळवणाऱ्याला कलम १९ मध्येच संरक्षण आहे. कलम २२ ची शिक्षा मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्याला आहे, आणि तीही मुलाला कधीच नाही.

पर्वरीकर:
शिक्षकाचं काय, याचं उत्तर अजून आलं नाही.

वकीलबाई:
चौकशी पूर्ण होईपर्यंत पगारी रजा, "ही शिक्षा नाही" असं लेखी, आवारात प्रवेश नाही, मुलांशी संपर्क नाही. राजीनामा घेऊन गुपचूप निरोप देणं मात्र अजिबात नको. तो दुसऱ्या शाळेत त्याच प्रशस्तिपत्रावर जातो. आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटात कुणाचंही नाव नको. पीडित मुलाची ओळख उघड करणं पॉक्सोच्या कलम २३ खाली गुन्हा आहे.

दर्यावर्दी:
नेमणुकीकडे वळू या, कारण सगळा भरवसा पोलीस दाखल्यावर आहे. विल्यम वाहे हा अमेरिकी शिक्षक १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल दोषी ठरला होता, तरीही पुढे चार दशकं वेगवेगळ्या देशांतल्या आंतरराष्ट्रीय शाळांत शिकवत राहिला. २०१४ मध्ये सगळं उघड झालं. पॉक्सो नियम २०२० प्रमाणे कंत्राटी माणसांसह सगळ्यांची ठरावीक काळाने पडताळणी सक्तीची आहे. पण गोव्याचा दाखला फक्त गोव्यापुरता बोलतो. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८ पासून आहे, पण ती तपास यंत्रणांपुरती, शाळेला उघडता येत नाही. म्हणून जिथे जिथे उमेदवार राहिला त्या प्रत्येक देशाचा दाखला, ब्रिटनमध्ये राहिला असेल तर तिथलं आंतरराष्ट्रीय बालसंरक्षण प्रमाणपत्र, नोकरीतल्या खंडाचा खुलासा, आणि आधीच्या मुख्याध्यापकांशी शाळेच्या अधिकृत क्रमांकावर बोलणं. उमेदवाराने दिलेला मोबाइल नंबर चालणार नाही. प्रश्न थेट: "याला पुन्हा मुलांसोबत कामावर घ्याल का?" थोडा वेळ शांतता झाली तर तेही उत्तरच समजा.

पर्वरीकर:
हे सगळं करू. पण आपण माणसं ओळखतो हो, गोवा लहान आहे.

चाफा:
याच लहान गोव्यात मडगावच्या फ्रेडी पीट्सला लोक अनाथ मुलांचा कैवारी मानत होते. त्याच मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल १९९१ मध्ये अटक, १९९६ मध्ये जन्मठेप. ओळख असते म्हणूनच कुणी विचारत नाही.

समई:
तुमच्या बाजूने आहे चाफाताई, पण एक गाठ सुटत नाही. पॉक्सोत अठराखालचे सगळे मूलच. सतरा वर्षांच्या मुलीने समवयस्क मित्राशी स्वखुशीने आलेल्या शारीरिक संबंधाबद्दल समुपदेशकाला सांगितलं, तरी कळवावंच लागतं. अनेक देशांत संमतीचं वय सोळा असल्याने परदेशी पालकांना हा धक्का असतो. परिणाम असा, की ज्या मुली खरोखर दबावाखाली आहेत त्याही बोलेनाशा होतात.

वकीलबाई:
गाठ खरी आहे आणि ती शाळेच्या धोरणाने सुटणार नाही, कायद्यातच बदल लागेल. तोवर समुपदेशनाच्या प्रत्येक सत्राच्या सुरुवातीलाच, कसलाही विषय निघण्याआधी, "काय मी गुप्त ठेवू शकत नाही" हे इंग्रजीत, मराठीत, कोंकणीत सांगायचं. मूल बोलून गेल्यावर सांगितलं, तर ते फसवणूकच समजतं.

पर्वरीकर:
ठीक. समितीचं कलम काढायला तयार आहे. पण किरकोळ नोंदींचा आढावा एकट्या लीडकडे नको. दोघं असावेत, त्यातला एक संस्थेबाहेरचा.

चाफा:
मान्य. आणि त्या दोघांपैकी कुणाविरुद्धच तक्रार आली, तर ती कुठे द्यायची हेही त्याच पानावर छापा: मुलांची हेल्पलाइन १०९८ आणि आपत्कालीन क्रमांक ११२.