प्रति: 'शाफ्ट'मध्ये गाण्याशिवाय आहे काय?

आयझॅक हेजचं ऑस्करविजेतं गाणं सोडलं तर 'शाफ्ट' (१९७१) म्हणजे नेहमीचीच डिटेक्टिव्ह कथा, हे वरचं मत मला अर्धंच पटलं. कथा बेतास बात आहे, मान्य. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या डॉनची मुलगी पळवली जाते, शाफ्ट तिला शोधतो, बस्स. पण दिग्दर्शक गॉर्डन पार्क्स मुळात 'लाइफ' मासिकाचा छायाचित्रकार. हिवाळ्यातलं कळकट न्यूयॉर्क त्याने कसं टिपलंय ते बघा! सुरुवातीलाच शाफ्ट झालेला रिचर्ड राउंडट्री सबवेतून वर येतो आणि टाइम्स स्क्वेअरच्या गाड्यांमधून, रस्ता बापाचा असल्यासारखा चालत सुटतो. कृष्णवर्णीय नायकाचा असा तोरा तेव्हाच्या हॉलिवूडमध्ये दुर्मीळच होता.

'गोऱ्या डिटेक्टिव्हलाच काळा रंग फासलाय' या धर्तीची टीकाही झाली, आणि ती अगदीच पोकळ नाही. मूळ कादंबरीकार अर्नेस्ट टिडीमन गोरा, पैसा एमजीएम या बड्या हॉलिवूड स्टुडिओचा. तरी २००० साली अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जतन करण्याजोग्या सिनेमांच्या यादीत, सिनेमाची नोंद झालीच. मला जास्त खटकतात त्या यातल्या बायका. शाफ्टच्या आजूबाजूला असण्यापलीकडे त्यांना कामच दिलेलं नाही. त्यावर इथे कोणीच कसं बोललं नाही?