रॉकेटमधून सैन्य: तासाभरात जगाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचणं कितपत शक्य आहे?

कक्षापथ

ही कल्पना साठ वर्षं जुनी आहे. १९६० च्या दशकात डग्लस कंपनीतले अभियंते फिलिप बोनो यांनी 'इथॅकस' नावाच्या रॉकेटचा आराखडा मांडला होता: एका उड्डाणात १,२०० सैनिक थेट दुसऱ्या खंडावर. अमेरिकेच्या मरीन कोअर या सैन्यदलाचे तेव्हाचे प्रमुख जनरल वॉलेस ग्रीन यांनी ती उचलून धरली होती. २००२ मध्ये त्याच मरीन कोअरने 'सस्टेन' ही छोटी योजना पुढे आणली, १३ जणांची तुकडी दोन तासांत कुठेही. दोन्ही कागदावरच राहिल्या, कारण पुन्हापुन्हा वापरता येईल असं मोठं रॉकेटच कुणाकडे नव्हतं.

आता परिस्थिती बदलली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पेसएक्सच्या स्टारशिप या महाकाय रॉकेटचा बूस्टर, म्हणजे खालचा टप्पा, परत आला आणि उड्डाणतळावरच्या मनोऱ्याच्या यांत्रिक हातांनी तो झेलला. अमेरिकी हवाई दलाने तर २०२२ सालीच 'रॉकेट कार्गो'साठी स्पेसएक्सला १०.२ कोटी डॉलरचं कंत्राट दिलं होतं. उद्दिष्ट असं की सी-१७ या लष्करी मालवाहू विमानाइतका माल तासाभरात पृथ्वीवर कुठेही पोहोचवायचा. माल जाऊ शकतो तर माणसं का नाही?

२०१२ मध्ये बेनगाझीत अमेरिकी कचेरीवर हल्ला झाला, राजदूतासह चौघे मारले गेले, आणि मरीनची मदत तुकडी लिबियात पोहोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. अशा वेळी पाऊण तासात पोहोचणारे पन्नास जण काय करू शकले असते, याचा विचार करा. माझ्या मते पुढच्या वीस वर्षांत हे होणार. मतं मांडा, विरोधी असली तर जास्त बरं.

रसदवाला

विरोधीच आहे. बेनगाझीचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. तिथे विमानाच्या प्रवासाइतकाच वेळ बातमीची खातरजमा, आदेश, परवानग्या आणि तुकडीची जमवाजमव यांत गेला. अमेरिकेच्या ८२व्या एअरबोर्न डिव्हिजनचं, म्हणजे छत्रीधारी सैनिकांच्या दलाचं, मानक बघा: आदेश मिळाल्यापासून १८ तासांत पहिली तुकडी आकाशात. जगातल्या सगळ्यात सज्ज दलांपैकी हे एक. ते १८ तास शस्त्रं, दारूगोळा, नकाशे, योजना यांत जातात. रॉकेट आणलं म्हणून त्यातला एक तासही कमी होत नाही, फक्त पुढचा प्रवास आखूड होतो.

आता उतरण्याचं बोलू, कारण खरी अडचण तिथेच आहे. सी-१७ सुमारे १,१०० मीटरच्या कच्च्या धावपट्टीवर उतरतं, इंजिनं चालू ठेवून माणसं उतरवतं आणि निघून जातं. स्टारशिपच्या दोन्ही टप्प्यांत मिळून ४,५०० टनांहून जास्त इंधन आणि ऑक्सिजन भरावा लागतो. पलीकडे उतरतो तो फक्त वरचा टप्पा, जवळपास रिकाम्या टाक्यांनी. त्याला परत उडवायचं तर हजारभर टन द्रवरूप मिथेन आणि ऑक्सिजन शत्रूच्या मुलखात कोण आणून देणार? म्हणजे तुमचे पन्नास जण एका पंधरा-सोळा मजली धातूच्या मनोऱ्याखाली उभे आहेत, तो कोसावरून दिसतोय, आणि त्यांच्या परतीसाठी शेवटी विमानच पाठवायचंय.

एप्रिल २०२३ च्या पहिल्या चाचणीत इंजिनांच्या झोताने लाँचपॅडचं काँक्रीट उखडून लांबवर फेकलं होतं. उतरताना मोजकीच इंजिनं पेटतात हे मान्य, पण खाली काँक्रीटही नसेल, माती आणि दगड असतील.

कक्षापथ

@रसदवाला, परतीचा मुद्दा जड आहे, पण छत्रीधारी सैनिकसुद्धा परतीचं तिकीट घेऊन उडी मारत नाहीत. ते उतरतात, विमानतळ ताब्यात घेतात, मग मोठी विमानं येतात. रॉकेटने गेलेल्या तुकडीचं कामही तेच: जागा धरून ठेवायची. १८ तासांबद्दल, दूतावासाच्या रक्षणासाठी अख्खी ब्रिगेड लागत नाही. अग्निशमन दलासारखी पाळीपाळीने सज्ज बसलेली लहान तुकडी ठेवता येते.

नाडीपरीक्षा

शरीराबद्दल थोडं. २००८ मध्ये सोयूझ टीएमए-११ हे रशियन अंतराळयान बॅलिस्टिक, म्हणजे नेहमीपेक्षा तीव्र उताराच्या मार्गाने खाली आलं तेव्हा आतल्या तिघांनी ८ जी पेक्षा जास्त, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या आठपटीहून अधिक भार सोसला, आणि ते ठरल्या जागेपासून ४०० किमीहून लांब उतरलं. वातावरणात नेहमीसारखं परत शिरताना भार याच्या निम्म्याच्या आसपास असतो. पाठीवर झोपलेल्या धडधाकट माणसाला तो झेपतो. मला जास्त काळजी वजनरहित अवस्थेची वाटते. अंतराळवीरांपैकी निम्म्याहून अधिक जणांना सुरुवातीला मळमळ, उलट्या, गरगरणं होतं, आणि ते तर निवडून, वर्षानुवर्षं तयार केलेले लोक. अर्ध्या तासाची ती अवस्था, लगेच भार, आणि दार उघडताच गोळीबार. पहिली दहा मिनिटं नेम धरता येईल का?

उत्तरध्रुव

सगळे उतरण्यावर बोलताहेत, मला उडण्याचीच धास्ती आहे. २५ जानेवारी १९९५ रोजी नॉर्वेतून ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी एक संशोधन रॉकेट सोडलं गेलं. पूर्वसूचना दिलेली होती, ती रशियाच्या रडारवाल्यांपर्यंत पोहोचलीच नाही, आणि त्यांना ते क्षेपणास्त्र वाटलं. रशियाचे तेव्हाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रांची ब्रीफकेस उघडली गेली. ते एक संशोधन रॉकेट होतं. युद्धाचं वातावरण तापलेलं असताना शंभर मीटरहून उंच रॉकेट खंड ओलांडून निघालं, तर इन्फ्रारेड उपग्रहांना दिसणार फक्त प्रचंड ज्वाळा. आत सैनिक आहेत की अण्वस्त्र, हे कुठलाही उपग्रह सांगू शकत नाही. पन्नास माणसं वाचवायला जाऊन हा धोका पत्करायचा? मी तरी कधीच 'हो' म्हणणार नाही.

कक्षापथ

@उत्तरध्रुव, अमेरिका आणि सोव्हिएत संघाने १९८८ मध्ये क्षेपणास्त्र चाचण्यांची पूर्वसूचना देण्याचा करार केला होता. तशीच व्यवस्था इथेही उभी करता येईल.

उत्तरध्रुव

त्या करारात किमान २४ तास आधी सांगायचं आहे, उड्डाणाची जागा आणि पडण्याचा टापू यांसकट. चोवीस तास आधी सांगून निघायचं, तर तासाभरात पोहोचून काय मिळवलं? तेवढ्या वेळात साधं विमान पोहोचतं, आणि शत्रूलाही कुठे थांबायचं ते कळतं.

मदतपथक

मला मधला रस्ता दिसतो. माणसं नकोत, माल न्या. भूकंपानंतर रक्त, औषधं, पाणी शुद्ध करायची यंत्रं. माल आजारी पडत नाही, त्याला परत आणावं लागत नाही, आणि मदतीचं उड्डाण उघड जाहीर करायला कुणाची हरकत नसते.

पण त्यालाही तयार जागा हवी. पॅसिफिकमधल्या जॉन्स्टन बेटावर अशा उतरणीचे तळ बांधायची अमेरिकी हवाई दलाची योजना होती, ती २०२५ मध्ये समुद्रपक्ष्यांच्या वसाहतींच्या प्रश्नावरून थांबली. बरंच झालं असं मला वाटतं. तरी यातून एक कळतं: स्वतःच्या ताब्यातल्या निर्मनुष्य बेटावरही 'कुठेही उतरू' इतकं सोपं नाही.

रसदवाला

@मदतपथक, मालापुरतं सहमत.

@कक्षापथ, पाळीपाळीने सज्ज तुकडीची कल्पना चांगली आहे, पण तिच्यासोबत रॉकेटही सज्ज लागेल. ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो, त्यामुळे घन इंधनाच्या क्षेपणास्त्रासारखं हे महिनोन्‌महिने भरून ठेवता येत नाही. हवामान बिघडलं की उड्डाण पुढे ढकललं जातं. आणि १६ जानेवारी २०२५ ला स्टारशिपचा वरचा टप्पा आकाशात फुटला, तुकडे कॅरिबियन भागातल्या टर्क्स आणि कैकोस बेटांवर पडले, प्रवासी विमानांना मार्ग बदलावे लागले. आत कुणी नव्हतं म्हणून ती चाचणी ठरली.

कक्षापथ

सज्जतेचं उत्तर आहे: इंधन तासाभराच्या आत भरलं जातं, तेवढ्यात माणसं चढतील. फुटण्याचं उत्तर आज माझ्याकडे नाही, शेकडो यशस्वी उड्डाणं हेच ते असेल. वीस वर्षं म्हणालो त्यावर मी ठाम आहे. तुम्ही कशाने मानाल, ते सांगा.

रसदवाला

मनोरा नाही, काँक्रीट नाही अशा जमिनीवर पूर्ण भार घेऊन लागोपाठ दहा उतरणी. प्रत्येक वेळी अर्ध्या तासात माल खाली. आणि त्या दहांत एक तरी रात्रीची, वाऱ्यातली. तोवर माझी माणसं विमानाने जातील.