घारे डोळे कुणावरून आले? तुमच्या घरचे अनुभव सांगा

माझी लेक अडीच वर्षांची आहे. आम्हा दोघांचे डोळे काळेभोर, तिचे मात्र घारे. उन्हात आली की बाहुलीभोवती हिरवट कडं दिसतं. बारशापासून एकच प्रश्न कानावर येतोय, "ही कुणावर गेली गं?" चिपळूणच्या आजेसासूबाई घाऱ्या, माझे आजोबाही घारे. आता दुसऱ्यांदा दिवस गेलेत, म्हणून विचारते. तुमच्याकडे भावंडांत काय झालं?

करवंद
मी 22 वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवते. वर्गात जोडीजोडीने दोन नाणी उडवायला देते. एक नाणं आईचं, एक बाबांचं; छापा म्हणजे गडद रंगाचं जनुक, काटा म्हणजे फिकट रंगाचं. दोन्हींवर काटा पडला तर फिकट डोळे, म्हणजे चारात एक. पहिल्या खेपेला दोन काटे आले तरी दुसऱ्या खेपेला शक्यता तेवढीच राहते, हे मुलांना नाणी हातात घेतल्यावरच पटतं.

पण हा हिशोब 1907 च्या, एकाच जनुकावर रंग ठरतो अशा मांडणीवर उभा आहे आणि तो अपुरा आहे. पंधराव्या गुणसूत्रावरचं ओसीए2 हे जनुक बुबुळातल्या रंगद्रव्याशी निगडित आहे. शेजारच्या एचईआरसी2 या जनुकातला छोटासा भाग त्याला कमीजास्त करतो, हे 2008 मध्ये स्पष्ट झालं. 2021 मध्ये सुमारे 1,95,000 लोकांच्या अभ्यासात, त्यात बहुतेक युरोपीय वंशाचे, डोळ्यांच्या रंगाशी जोडलेल्या जनुकसंचातल्या 61 जागा सापडल्या. आपल्या घाऱ्या, पिंगट छटांना चारात एक हे नेमकं उत्तर कुणीच देऊ नये.

पायरीवरची
आमचं उलटं. मी घारी, नवरा घारा, मुलगा गडद तपकिरी डोळ्यांचा. हळदीकुंकवाला एक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दोघं घारे, मग हा कसा?" पाळण्याची दोरी माझ्या हातात होती, ती तशीच धरून बसले. कुणी काही बोललं नाही, सासूबाईसुद्धा. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की फिकट डोळ्यांच्या आईबापांना गडद डोळ्यांचं मूल होऊ शकतं. सासूबाई सोबत होत्या, त्यांनी ऐकलं, एवढं बरं झालं. डोळे बघून बाईवर संशय घेणं फार दुष्ट आहे. मला अजून राग येतो.

इझारकाठ
म्युनिकहून लिहितोय. बायको जर्मन, तिचे डोळे निळे. बाळही निळसर डोळ्यांचं झालं आणि माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर आनंदाने टाळ्या वाजवल्या. नवव्या महिन्यापर्यंत ते तपकिरी झाले. निळा रंग म्हणून बुबुळात काही नसतंच. रंगद्रव्य कमी असलं की प्रकाश विखुरतो आणि निळं दिसतं. जन्मानंतर रंगद्रव्य वाढतं, म्हणून वर्षभर तरी रंग ठरवू नका.

शेवंती
भाच्याचा एक डोळा निळा, एक काळा, कपाळावर पांढरी बट. सगळे कौतुक करत होते. ताट पडलं तरी तो दचकत नाही, हे माझ्या वहिनीच्या लक्षात आलं. वार्डेनबर्ग सिंड्रोम निघाला, म्हणजे डोळ्यांच्या-केसांच्या रंगावर आणि ऐकण्यावरही परिणाम करू शकणारा जन्मजात विकार. दोन डोळ्यांचे रंग वेगळे दिसले तर ऐकण्याची तपासणी जरूर करा.

धागाकर्ती
पायरीवरची, तुझं वाचून आजेसासूबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "माझी आईपण घारी होती. शेजारणी तिला मांजरडोळी म्हणायच्या, म्हणून ती विहिरीवर खाली बघूनच पाणी भरायची."