एक गोळी, एक नेम

एका वेळी एकच काडतूस भरायची जुनी .22 (पॉइंट टू-टू, म्हणजे बारीक काडतुसाची छोटी रायफल) आज निरुपयोगी आहे, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही.

धुळ्यात एनसीसीत असताना ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलवर बेतलेली .22 हाती आली. पालथं झोपल्यावर छाती भिजवणारी डिसेंबरची थंडगार माती, 25 मीटरवर टार्गेट, मोजून 5 राऊंड. प्रत्येक गोळी अंगठ्याने चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत) सरकवायची, ती बंद करणारा बोल्ट लावायचा, श्वास अर्धा सोडून थांबायचं. पुढची गोळी आपोआप येणार नसते, म्हणून हातातल्या गोळीला मान द्यावाच लागतो. ग्रुपिंग, म्हणजे सगळ्या गोळ्या जवळजवळ एकाच जागी बसवणं, मला त्या रायफलनेच शिकवलं.

पुढे पारोळ्याला काकांची परवान्यावरची बीएसए मार्टिनी पाहिली; हीसुद्धा एका वेळी एकच काडतूस घेणारी .22. लिव्हर खाली ओढली की आतला ठोकळा झुकतो अन् रिकामं काडतूस मागे येतं. काय सुबक काम! अक्रोडाचा दस्ता काका अजूनही जवसाच्या तेलाने पुसतात.

एक कळकळीची विनंती: अशी बंदूक काडतूस न भरता रिकामी झाडू नका. या .22 रिमफायर प्रकारच्या; रिमफायरमध्ये पेटवण काडतुसाच्या कडेत असते. काडतूस नसलं की फायरिंग पिन (काडतुसावर आपटून ते पेटवणारी खीळ) थेट चेंबरच्या काठावर आदळू शकते. तिथे खाच पडली की शंभर वर्षं जपलेली वस्तू बिघडते.